बेरीज एकवीस

चाचा, सकाळपासून मी चौथ्यांदा खुर्चीवरून उठले. फोन वाजला की बसते, तक्रार लिहून घेते, फोन ठेवला की पुन्हा खिडकीशी. खाली कर्जतचा बाजार नेहमीसारखा भरला आहे. समोरच्या गच्चीवर माकडांनी आपली वायर पुन्हा कुरतडायला घेतली आहे. तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. घरी दहिवलीला गेले तरी तेच. स्वयंपाकघरातून ओट्यावर, ओट्यावरून पुलापर्यंत, पुलावरून परत. आई म्हणते, "काय गं, पायाला भिंगरी लागलीय काय?" तिला काय सांगू?

तिला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगायचं आहे, आणि तुम्हाला ते ठाऊकच आहे, ही खरी पंचाईत. तरी सांगते. पळसदरीला चुकीची तार कापली गेली त्या दिवशी नंबर मी चुकीचा दिला होता. तुमची चूक नव्हती. दीड वर्ष ती तुमच्या नावावर राहिली आणि ती घेऊनच तुम्ही गेलात.

बघा, लिहायला तीन वाक्यं लागली. दीड वर्षात तोंडातून एक निघालं नाही. आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर मी इथंच घोटाळत राहीन.

मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून इथं आले तेव्हा तुम्ही या कामात मुरलेले होतात. मालकांचा हा इंटरनेटचा धंदा म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि एका अंगाला नेरळपर्यंत, दुसऱ्या अंगाला खालापूरपर्यंत खांबांवरून गेलेली फायबरची तार. तुम्ही बाहेर, मी आत. तुमचा चेहरा मी जितका पाहिला असेल त्याच्या कितीतरी पट तुमचा आवाज ऐकला. खांबावरच्या डब्यात प्रत्येक गिऱ्हाइकाची बारीक तार येते, तिला चार आकडी नंबराची पट्टी बांधलेली असते, आणि कुठला नंबर कोणाचा हे माझ्या रजिस्टरात असतं. पहिल्याच दिवशी तुम्ही शिडीवरून फोन करून एक नंबर मागितलात. मी दिला आणि फोन ठेवला. लगेच पुन्हा तुमचा फोन.

"वर्षा बाय, बेरीज कुठं हाय?"

"कसली बेरीज?"

"आकड्यांची गं. नंबर दिलास, बेरीज नाय दिलीस. मी बरोबर ऐकला का चुकीचा, मला कसा कळायचा?"

मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. (हेही तुम्हाला कधी सांगितलं नाही.) मग दुपारी चहाला वर आलात तेव्हा उलगडा झाला. तरुणपणी तुम्ही खालापूरला लाकडाच्या वखारीत होतात. ओंडक्यांवरचे नंबर तुम्ही ओरडून सांगायचात आणि पलीकडे बसलेला कारकून लिहायचा. मध्ये करवत चालू. अर्धं ऐकू जायचं, अर्धं करवत खायची. म्हणून तुम्ही नंबर ओरडल्यावर त्यातल्या आकड्यांची बेरीजही ओरडायला लागलात. कारकून लिहिलेले आकडे मिळवून बघायचा. जुळली तर मान हलवायचा, नाही जुळली तर हात वर करायचा, की तुम्ही परत ओरडायचात. त्यानं मानही हलवली नाही आणि हातही वर केला नाही तर काय, मी विचारलं. "तर त्यानं ऐकलाच नाय असा धरायचा आणि परत ओरडायचा," तुम्ही म्हणालात.

मी हसत सुटले. कारण याच गोष्टीवर मी कॉलेजात अख्खं प्रकरण पाठ केलं होतं. पाठवणारा मजकुराच्या आकड्यांची बेरीज करून ती सोबत जोडतो, घेणारा स्वतः बेरीज करतो, नाही जुळली तर तो तुकडा फेकून देतो. नीट मिळाला तर पोच पाठवतो. ठरलेल्या वेळात पोच आली नाही, तर पाठवणारा तोच तुकडा पुन्हा पाठवतो. जगभरची यंत्रं हेच करत बसलेली असतात. याला चेकसम म्हणतात, मी म्हटलं. "म्हनू देत," तुम्ही म्हणालात आणि बशीत चहा ओतलात.

त्या संध्याकाळी बसून मी रजिस्टरातल्या प्रत्येक नंबरासमोर समासात पेन्सिलीनं बेरीज लिहून काढली. फार शहाणपणाचं काम केलं असं वाटलं होतं तेव्हा.

मग आपली भांडणं सुरू झाली. पहिलं तर तुम्ही दोन दिवस फुगून बसलात ते. मी तुम्हाला समजावत होते की एखादी फाइल पाठवायची तर तिचे बारीक तुकडे करतात, प्रत्येकाला क्रमांक देतात, ते मागेपुढे कसेही पोचतात, आणि पलीकडचा ते क्रमानं लावून जो आला नाही तो मागून घेतो. तुम्ही मान डोलवत होतात. मग विचारलंत, तार नीट असेल तर तुकडा हरवेल कशाला? मी पटकन बोलून गेले, "तार दगा देणारच, हे धरूनच सगळं बांधलंय, चाचा."

तुम्ही कप खाली ठेवलात. "म्हंजे माझ्या जॉइंटवर तुमचा भरवसाच नाय."

कोणाला सांगून खरं वाटणार नाही, पण इंटरनेटच्या नियमांचा अपमान वाटून रुसलेला माणूस मी तुमच्याखेरीज पाहिलेला नाही. अर्थात तुमचा जॉइंट होताच तसा. काचेचे केसाहून बारीक दोन धागे मशीनमध्ये टोकाला टोक लावून ठेवायचे, छोट्या पडद्यावर ते खांबाएवढे दिसायचे, ठिणगी पडायची आणि दोन्ही एक व्हायचे. मग मशीन सांगायचं, या सांध्यात उजेड किती गळतो. तो आकडा शंभरात एकाच्या वर गेला की तुम्ही तोंड वाकडं करून सांधा तोडायचात आणि नव्यानं जोडायचात. मनासारखा आला की मला फोन. "शून्य शून्य एक! लिही." मशीन चाचींच्या जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवायचात. दुसऱ्या कोणी हात लावलेला खपायचा नाही.

तुमचा रुसवा गेला तो पोशीरला. भाताच्या झोडण्या झाल्या होत्या आणि पेंढा चढवून चढवून डोंगर केलेला एक टेंपो आपली तार ओढत घेऊन गेला होता. तीन खांब मोकळे. मालकांनी मलाही पाठवलं होतं, डोळ्यांनी बघून ये म्हणून. तुम्ही शिडीवर, टेंपोवाला बांधावर बिडी ओढत बसलेला, आणि शेताचे मालक कमरेवर हात ठेवून म्हणत होते, "आमच्या पेंढ्यानं तुमचा इंटरनेट बंद पाडला काय?"

"आमचा नाय हो," तुम्ही वरून म्हणालात, "तुमचाच पडलाय. घरी जाऊन बघा, सूनबाई बोंबलत असंल."

घरी सून नव्हे, मुलगी होती आणि कॉलेजची एक मोठी फाइल उतरवून घेत होती. अर्ध्यात बंद पडलेली. तुम्ही सांधा केलात, मी तिच्या मागे उभी राहून बघत होते, आणि फाइल जिथं थांबली होती तिथून पुढं उतरायला लागली. खाली येऊन मी तुम्हाला सांगितलं. तुम्हाला खरंच वाटेना. "थांबलेली तिथूनच? पयल्यापासून नाय?" मी म्हटलं, दोन्ही टोकांनी मोजून ठेवलेलं असतं ना, कुठपर्यंत आलं ते. तुम्ही तारेकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "मंग असू दे नाय भरवसा," म्हणालात. "मोजून ठेवतात ना, झालं तर."

दुसरं भांडण मात्र मिटलंच नाही. व्हिडिओवर समोरासमोर बोलतो त्यात हरवलेलं कोणी परत मागत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको होतं. बोलण्यातला तुकडा उशिरानं येऊन उपयोग काय? तोवर माणूस पुढचं बोलून गेलेला असतो. मागचा शब्द मध्येच घुसला तर सगळा विचका होईल. म्हणून तिथं गेलं ते गेलं. तुम्हाला हे इतकं खुपलं की महिनाभर उकरून काढत होतात. भर पावसात चौक गावच्या खांबाखाली मी छत्री धरून उभी आणि तुम्ही वरून, "पन मी काय म्हनतो, उशिरा आला तरी आलाच ना तो? फेकायचा कशाला?" मी खालून ओरडून सांगत होते की उशिरा आलेलं न आल्यासारखंच. मी जिंकले असं मला वाटायचं. आता रोज चडफडत हेच उलटून पालटून बघते आणि मला मनापासून वाटतं की तुमचं खरं असावं.

आणि तिसरं. हे सांगायलाच मी इतका वेळ इकडं तिकडं करते आहे.

मी एकदा तुम्हाला म्हटलं होतं की तुमच्या बेरजेला एक भोक आहे. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते, चूक सापडणारच नाही. "अदलाबदल कोन करतो? येडा हाय काय?" तुम्ही म्हणालात. मी कागदावर दाखवलं: पहिल्या आकड्याला एकनं गुणायचं, दुसऱ्याला दोननं, तिसऱ्याला तीननं, चौथ्याला चारनं, आणि मग मिळवायचं. मग अदलाबदल लपत नाही. चढती बेरीज, असं नावही मी ठेवलं. तुम्ही कागद हातात धरून मालकांसकट सगळ्यांना दाखवलात. "ही बाय मला शिडीवर पाढे म्हनायला लावतेय. खाली पडलो म्हंजे कुठला पाढा म्हनत पडलो ते बी लिहून ठेव." सगळे हसले, मीही हसले, आणि कागद चहाच्या पेल्याखाली गेला.

तर ती दुपार. पळसदरीला धरणाच्या वाटेवर एका मुंबईच्या माणसाचा शनिवार-रविवारचा बंगला होता. त्यानं कनेक्शन बंद करायला सांगितलं होतं. त्याची तार कापून डब्यातली ती जागा दुसऱ्याला द्यायची होती. तुम्ही शिडीवरून नंबर विचारलात. माझ्या दुसऱ्या कानाशी दुसरा फोन होता, कोणीतरी बिलावरून ओरडत होतं. रजिस्टरात होतं दोन सात तीन नऊ. मी म्हणाले दोन सात नऊ तीन.

तुम्ही नेहमीसारखं परत म्हणून दाखवलंत. "दोन सात नऊ तीन. बेरीज एकवीस."

मी समासात बघितलं. एकवीस. "बरोबर," मी म्हटलं.

आकडे मी ऐकलेच नाहीत, चाचा. तुम्ही एकेक सुटा करून म्हणाला होतात, आणि मी नुसती बेरीज पाहिली. ती जुळली म्हणजे झालं. तुमची इतक्या वर्षांची सवय मी पेन्सिलीच्या एका आकड्यावर आणून ठेवली होती.

दोन सात नऊ तीन ही ज्योतीताईंची तार. त्याच डब्यात, धरणामागच्या त्यांच्या घराची. त्या क्षणी त्या लॅपटॉपसमोर बसून पुण्याच्या एका कंपनीला मुलाखत देत होत्या, घरबसल्या करायच्या नोकरीची, तिसरी आणि शेवटची फेरी. त्यांचा फोन मीच घेतला. "स्क्रीनवर तिघं जण होते हो, मी बोलत होते आणि तिघंही मध्येच थिजले," त्या म्हणाल्या. तुम्ही तोवर खोपोलीकडे निघाला होतात, फोन लागत नव्हता. तार पुन्हा जोडेपर्यंत अडीच तास गेले. दुसऱ्या दिवशी कंपनीनं कळवलं की त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी घेतलं.

संध्याकाळी मालकांनी आपल्याला दोघांना उभं केलं. मी त्याआधीच रजिस्टर उघडून पाहिलं होतं. मला कळलं होतं. मालकांनी विचारलं, चूक कोणाची? मी तोंड उघडलंही होतं, देवाशप्पथ उघडलं होतं. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "माझीच. चष्मा घरी राह्यला होता. पट्टी वाचायला चुकलो."

मालक म्हणाले, नजर गेली असेल तर मशीन कशाला हवं हातात? दुसऱ्या दिवसापासून जॉइंटचं काम नव्या माणसाकडे गेलं. तुम्हाला तार ओढायला आणि शिडी धरायला ठेवलं. मशीन तुम्ही ओढणीतून सोडवून टेबलावर ठेवलंत आणि ओढणी घडी करून खिशात घातलीत. मी रजिस्टरात डोकं घालून बसले होते.

त्या रात्रीपुरतं मी स्वतःला पटवलं की तुम्हाला खरंच तसं वाटतंय, खरंच चष्मा विसरला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दहिवलीच्या खांबाखालून तुमचा फोन आला.

"लिही. एक आठ चार सहा. बेरीज एकोनीस." मग जरा थांबलात. मागे रिक्षा गेल्याचा आवाज आला. "चढती बेरीज त्रेपन्न."

मी पेन हातात धरून बसले. एक, सोळा, बारा, चोवीस. त्रेपन्न.

"बरोबर आहे, चाचा," मी म्हटलं.

चष्म्याची चूक असती तर तुम्ही दुसऱ्या दिवशी चष्मा घालून आला असतात. तुम्ही चढती बेरीज घेऊन आलात. मालकांनी सांगितलं नव्हतं, मी तर तो विषय कधीच सोडला होता. म्हणजे आदल्या दिवशी नक्की काय घडलं, माझ्या तोंडातून तुमच्या कानात जाताना काय उलटं झालं आणि बेरजेनं ते कसं जाऊ दिलं, हे तुम्ही रात्रीत शोधून काढलं होतंत. तुम्हाला कळलंय हे मला कळलं. मला कळलंय हेही तुम्हाला कळलं असणार. आणि मी काय बोलले? "बरोबर आहे."

त्यानंतर दीड वर्ष, दिवसातून पाच-दहा वेळा, प्रत्येक नंबर दोन्ही बेरजांसकट. तुम्ही शिडी धरता धरता मनात गुणाकार करायचात आणि वर चढलेल्या नव्या माणसाच्या वतीनं मला सांगायचात. दर वेळी मी तेच म्हणायचे, बरोबर आहे. एकदाही चूक झाली नाही, हेही खरं.

मला तुमचा रागही येतो, हे लिहून टाकते. माझी चूक तुम्ही घ्यावी असं मी म्हटलं होतं का? मला विचारलं होतंत? मालकांनी मला घेताना सगळ्यांदेखत म्हटलं होतं, बघू, मुलीला जमतंय का. तुम्ही ते ऐकलं होतंत म्हणून मध्ये पडलात, कळतं मला. पण मला बोलायला एक मिनिट तरी द्यायचं होतंत. नाही, हे खोटं आहे. तुम्ही मला दीड वर्ष दिलंत. ते मिनिट मलाच नको होतं.

एकदा प्रयत्न केला, आठवतं? ईदला तुमच्या घरी आले होते. चाची आत होत्या. मी म्हटलं, "चाचा, ते पळसदरीचं…" आणि तुम्ही वाटी पुढं सारलीत. "शीरखुर्मा गार होतोय, खा आदी." मी खाल्ला. इतकी सुटका वाटली मला, की दुसरी वाटीही घेतली.

तुम्ही गेलात ते सकाळी, चहा पिता पिता, छातीत कळ येऊन. मालकांचा फोन आला. "युनूस गेला." मी म्हटलं, "परत बोला." ते परत बोलले. मी आणखी एकदा विचारलं असतं, पण त्यांचाच आवाज फुटला.

मग हे भिंगरीचे दिवस. काम करताना मन भलतीकडेच जातं. पलीकडचं यंत्र बंद पडलं असेल तर अलीकडचं काय करतं, हे मी लोकांना शिकवू शकते. ते पुन्हा पाठवतं. थांबतं, पुन्हा पाठवतं. दर वेळी थांबायची मुदत वाढवत नेतं. पण कायम पाठवत बसत नाही. काही वेळा झालं की सोडून देतं, आणि सोडताना गप्प राहत नाही. ज्यानं काम सांगितलं होतं त्याला कळवतं की पोचलं नाही. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. पाचव्या दिवशी ऑफिसात तुमच्यासाठी सगळे जमले तेव्हा ते मला आठवलं.

माझ्याच टेबलावर तुमचा फोटो ठेवला होता. मालक चांगलं बोलले, मनापासून बोलले. तुमच्या हाताला तोड नव्हती म्हणाले. मग म्हणाले, "शेवटी शेवटी नजर दगा द्यायला लागली, पण माणूस सोन्यासारखा."

मी उभी राहिले. "नजर चांगली होती," मी म्हटलं. "पळसदरीचा नंबर मी उलटा दिला होता. त्यांनी बरोबर ऐकला, बरोबर परत म्हणून दाखवला, आणि मी तो ऐकलाच नाही. त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली."

खाली दुकानात कोणीतरी पत्रा कापत होतं, त्याचाच आवाज. मालक माझ्याकडे बघत राहिले, मग फोटोकडे. "बस खाली," म्हणाले. "गेला ना तो आता. राहू दे."

बस. एवढंच. नोकरी गेली नाही, कोणी खडसावलं नाही. ज्याच्या धाकानं मी दीड वर्ष तोंड शिवून बसले होते, ते अर्ध्या मिनिटात संपलं. खरं सांगते, चाचा, त्यांनी मला हाकललं असतं तर बरं झालं असतं. ज्योतीताईंना मी अजून फोन केलेला नाही. नंबर दोनदा फिरवला आणि कापला. तो मात्र करायचाच आहे, त्यांची नोकरी गेली होती, तुमची-माझी नव्हे.

काल खालापूरला तुमच्या घरी गेले. चाची आतल्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. तुम्ही गेल्यावरची इद्दत चालू आहे, बाहेर निघत नाहीत. मी त्यांच्यासमोर बसले आणि पाणी यायच्या आत सांगून टाकलं, सगळं, बेरजेसकट. मला वाटलं, त्यांना चढती बेरीज काय समजणार. त्यांनी बोटांवर मोजून पाहिली.

मग म्हणाल्या, "नजर गेली, हे मला कदीच पटलं नाय. माझ्या सुईत दोरा तेच ओवून द्यायचे, चष्म्याबिगर. गेले त्या आठवड्यात बी ओवला."

"मग तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारलं ना. नुसते हसले. मंग मला वाटलं, कामाचा कटाळा आलाय, डोळ्यांचं निमित्त करतायत. चांगलं इज्जतीचं काम सोडून शिडी धरत फिरतोय मानूस." त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "दीड वरीस बोललेय मी त्यांना, वर्षा. कामचोर बोललेय. भाकर वाढताना बोललेय. तू तवाच येऊन सांगितलं असतंस, तर मी नसती बोलले."

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि मी पिऊन होईपर्यंत थांबल्या. मालकांसमोर बोलले तेव्हा मला वाटलं होतं, मी माझं ओझं उतरवतेय. तुमच्या घरात रोज ताटावर काय वाढलं जात होतं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. तुम्ही तेही कधी कळू दिलं नाहीत. माफ करा, असं लिहिते आहे, पण कोणाला लिहिते आहे कोण जाणे.

निघताना मी चपला घालत होते. चाचींनी दाराआडून हाक मारली.

"या सगळ्यावरून ते तुला कदी उलटून काय बोलले?"

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही."

"मला बी नाय," चाची म्हणाल्या.